आईबाबांना युरोपात आणताना विमा: भारतातला घ्यावा की इथला?

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी. आईबाबा (वय ६८ आणि ७३, मुक्काम कोल्हापूर) मेमध्ये आमच्याकडे श्टुटगार्टला येतायत. तीन महिन्यांना थोडे कमी राहतील. मधे आठवडाभर स्वित्झर्लंड, जमलंच तर इटली. बाबांना बीपी आणि मधुमेह आहे, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलाय. आता तब्येत ठणठणीत, रोज रंकाळ्याला फेरी असते. आईचे गुडघे सोडले तर बाकी काही नाही.

व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो एवढं माहीत आहे. कोल्हापूरच्या एजंटने दोन पॉलिसी दाखवल्या. एक अगदी स्वस्त, दुसरी तिच्या जवळपास अडीचपट. वर म्हणतो, "ताई, व्हिसापुरता कागद पायजे न्हवं? मग ही घ्या की. तिथं जाऊन कोण आजारी पडतंय." नवऱ्याचं म्हणणं, इथल्या जर्मन कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा घेऊ. बाबांचं म्हणणं, कुठलाही घेऊ नका, पैसे वाया.

तर प्रश्न असा: प्रत्यक्ष क्लेम केलेलं कुणी आहे का? "आम्ही घेतला होता, काही झालं नाही" हे अनुभवही चालतील, पण रांगेत मागे उभे राहा. :)

शेवग्याची_शेंग
आम्ही घेतला होता, काही झालं नाही. (मागे उभी आहे.)

तळ्यातमळ्यात
बाबांशी सहमत. विमा कंपन्या घाबरवून पैसे काढतात. आमच्या सोसायटीतले निम्मे ज्येष्ठ नागरिक युरोप करून आले, सगळे धडधाकट परतले. सर्वात स्वस्त घ्या, व्हिसा मिळवा, उरलेल्या पैशात त्यांना बव्हेरियात फिरवा.

म्युनिककर_मामा
@तळ्यातमळ्यात, निम्मे धडधाकट परतले, मग उरलेले निम्मे कुठे आहेत?

विनोद बाजूला. खारीबिस्कीट, जर्मनीतलं गणित आधी समजून घे. तुझा स्वतःचा सरकारी आरोग्यविमा आईबाबांना लागू होत नाही. म्हणजे इथे ते स्वतःच्या खिशातून पैसे भरणारे रुग्ण. साध्या डॉक्टरकडे गेलात तर बिल खाजगी रुग्णांच्या दरपत्रकाने होतं. प्रत्येक तपासणीचा मूळ दर ठरलेला असतो आणि डॉक्टर त्याला गुणक लावतो. नेहमीचा गुणक २.३, लेखी कारण देऊन ३.५ पर्यंत. खोकल्यासाठी गेलात तर हे परवडतं. माझ्या सासूबाईंना लघवीचा संसर्ग झाला तेव्हा डॉक्टर, लघवीची तपासणी, अँटिबायोटिक सगळं मिळून दीडशे युरोंच्या आत भागलं. त्या वेळी कुणी एक पैसा मागितला नाही, रेखनुंग, म्हणजे बिल, तीन आठवड्यांनी पोस्टाने आलं. सासूबाई तोवर नाशिकला पोचल्यासुद्धा होत्या आणि "किती चांगले लोक, फुकट तपासलं" असं गल्लीत सांगत होत्या.

खरा खर्च भरती झाल्यावर. इथे मुख्य बिल खाटेच्या दिवसांवर नसतं, निदान आणि उपचारांवरून ठरलेली ठोक रक्कम असते. हृदयाचं काही झालं आणि आयसीयू लागला तर आकडा पाच अंकी युरोत सहज जातो. आणि इमर्जन्सी नसेल तर हॉस्पिटलचं ऑफिस आधी विचारतं, खर्चाची हमी कोण देणार? विमा कंपनीचं हमीपत्र येतं की तुला अनामत भरावी लागते, सगळा फरक तिथे पडतो. ३०,००० ही व्हिसाची किमान अट आहे, ती पुरेलच असं कुणी म्हटलेलं नाही. ५० हजार किंवा १ लाखाचं कवच घ्यायला हप्त्यात फार फरक पडत नाही, विचारून बघ.

कागदी_वाघ
मी बरीच वर्षं क्लेम विभागात काढलीत (कंपनीचं नाव विचारू नये). मामांच्या प्रतिसादाला एक पुरवणी.

रकमेचा आकडा सगळे बघतात, तो शेवटी बघायचा. पहिलं पान उलटा आणि तीन गोष्टी शोधा.

एक, आधीपासूनचे आजार. भारतीय प्रवास विम्यात हे बहुधा वगळलेले असतात. चांगल्या पॉलिसीत "जीवावर बेतलेली स्थिती असेल तर" असं कलम असतं आणि त्यालाही वेगळी मर्यादा असते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला युरोपात छातीत दुखलं तर कंपनीचा पहिला प्रश्न हाच असणार. हे कलम नसलेली पॉलिसी तुमच्या बाबांसाठी व्हिसाच्या फाइलमध्ये लावायचा कागद आहे, त्यापलीकडे काही नाही.

दोन, वयानुसार उपमर्यादा. वरच्या वयोगटात अनेक पॉलिसींमध्ये वर मोठ्या अक्षरांत ५०,००० लिहिलेलं असतं आणि आत एक तक्ता असतो: खोलीभाडं रोज इतकंच, आयसीयू रोज इतकंच, शस्त्रक्रिया इतक्यापर्यंतच, ॲम्ब्युलन्स इतकीच. हॉस्पिटल ठोक बिल देतं आणि कंपनी ते तक्त्याप्रमाणे कापते. वरचा फरक तुम्ही भरायचा. स्वस्त आणि अडीचपट यातला फरक बहुतेक वेळा इथेच असतो.

तीन, वजावट. प्रत्येक क्लेमला सुरुवातीचे साधारण ५० ते १०० डॉलर तुमचे. म्हणजे किरकोळ डॉक्टरभेटीचे पैसे जवळजवळ मिळतच नाहीत, त्यावरून भांडू नका.

आणि फॉर्म भरताना स्टेंट लपवू नका. एजंट म्हणेल "कशाला लिहिताय, हप्ता वाढतो". लिहा. लपवलेलं सापडलं की ज्याचा स्टेंटशी संबंध नाही तो क्लेमही अडकतो.

खारीबिस्कीट
@कागदी_वाघ, बाप रे. एजंटने खरंच फॉर्मवर "आजार: नाही" लिहून पाठवलंय. आत्ता बघितलं. आज रात्रीच फोन करते.

लंडनवाली_मावशी
आमच्याकडे बरं आहे हो. व्हिजिटर व्हिसाला विमा सक्तीचा नाही. माझ्या वडिलांना पडून लागलं तेव्हा ए अँड ई मध्ये (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) नेलं, एक्सरे काढला, टाके घातले, एक पेनीही लागली नाही.

चौकट_राजा
मावशी, हे अर्धंच सांगू नका, लोक वाचून तिकडे विमा न घेता जातील. इंग्लंडमध्ये ए अँड ई आणि जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, भेट कुणालाही मोफत आहे हे खरं. पण वॉर्डात भरती केलं, की परदेशी पाहुणा पैसे देणारा रुग्ण होतो आणि त्याला एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या १५० टक्के लावतात. जीव वाचवायचे उपचार कुणी अडवत नाही, बिल मात्र मागून येतं. शिवाय ५०० पौंडांहून जास्त थकबाकी दोन महिने राहिली की ती गृहखात्याला कळवली जाते आणि पुढच्या व्हिसाला आडवी येते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना वॉर्डात चार दिवस काढावे लागले. बिल मुलाने हप्त्याहप्त्याने फेडलं.

लंडनवाली_मावशी
मी विमा घेऊ नका असं कुठे म्हटलं? माझा अनुभव सांगितला. आणि ए अँड ई मध्ये सहा तास बसलो होतो, तेही सांगायचं राहिलं, तेवढं लिहून घ्या.

ताम्हणघाट
सहा तास? मिलानला पाहुण्यांना घेऊन या. इथे प्रोंतो सोकोर्सोमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, आल्या आल्या नर्स तपासून रंग ठरवते. लाल म्हणजे लगेच आत. पांढरा मिळाला तर डबा सोबत ठेवा. माझ्या मामाला पांढरा मिळाला होता. मामी म्हणाली, "इतक्या लांब येऊनसुद्धा तुम्हाला कुणी सिरियसली घेत नाही."

पावसाळी_ढग
अवांतर: नेदरलँड्समध्ये विमा असो वा नसो, उपचार एकच. पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या. ताप? पॅरासिटामॉल. पाठ? पॅरासिटामॉल. माझ्या आईने येताना क्रोसिनच्या दहा पट्ट्या आणल्या होत्या, मी म्हटलं, आई तू स्वतःच हाउसआर्ट्स (इथला फॅमिली डॉक्टर) आहेस.

गंभीर भाग: इथे थेट हॉस्पिटलात जाता येत नाही, आधी फॅमिली डॉक्टर. पाहुणे कुठेच नोंदलेले नसतात, त्यामुळे बरेच दवाखाने फोनवरच नाही म्हणतात. आपल्याच डॉक्टरला आधी विचारून ठेवावं की आईवडील आले तर "पासंट" म्हणून, म्हणजे वाटसरू रुग्ण म्हणून बघाल का. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वेगळं केंद्र असतं, तिथे आधी फोन केल्याशिवाय जाऊ नये. पैसे बहुतेकदा तिथेच कार्डावर भरायचे आणि पावती जपायची.

शेवग्याची_शेंग
दहा पट्ट्या. :D :D आमच्या आईने चहाचे मसाले आणि अमृतांजन आणलं होतं. कस्टमवाल्याने वास घेऊन आदराने परत दिलं.

मिरजेचा_डॉक्टर
विनोद चालू द्या, मी जरा रुक्ष बोलतो.

औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणा. जर्मनीत प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा आणता येतो. निम्मी हातातल्या बॅगेत, निम्मी मोठ्या बॅगेत. इन्शुलिन असेल तर ते हातातल्याच बॅगेत, विमानाच्या पोटात गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शनवर आपल्याकडची कंपनीची नावं असतात, ती तिथल्या डॉक्टरला काही सांगत नाहीत. त्यामुळे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून इंग्रजीत एक पान घ्या: औषधांची मूळ नावं, मात्रा, स्टेंट कुठल्या धमनीत आणि कधी, शेवटचा ईसीजी. जुना ईसीजी सोबत असला की तिथल्या डॉक्टरला नवीन बदल कुठला हे पटकन कळतं. हे पान विम्याच्या कागदाइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि ते स्वित्झर्लंड. युंगफ्राऊयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. खालून रेल्वेने दोन-तीन तासांत तेवढ्या उंचीवर जाता. स्टेंट आहे म्हणून जाऊच नये असं नाही, खूप लोक जातात. पण आपल्या डॉक्टरला विचारून जा, वर जिने धावत चढू नका, छातीत जड वाटलं तर फोटो पुरे करून पुढच्या गाडीने खाली या. आपल्याकडचे सहलवाले सकाळी सहाला उठवून, पराठे खायला घालून, दुपारपर्यंत वर नेतात. ७३ वर्षांच्या माणसाला तो वेग झेपेलच असं नाही.

म्युनिककर_मामा
डॉक्टरसाहेबांना दंडवत. स्वित्झर्लंडबद्दल आणखी: तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, त्यामुळे शेंगेन पॉलिसी तिथे चालते. पॉलिसीवर सगळे शेंगेन देश लिहिलेले आहेत ना ते बघ, फक्त "जर्मनी" असलेला कागद चालणार नाही. खर्च मात्र तिथे जर्मनीच्या वरचढ. डोंगरात काही झालं तर रेगा या बचावसेवेचं हेलिकॉप्टर येतं, नंबर १४१४. साधी ॲम्ब्युलन्स १४४. सुटकेचा खर्च पॉलिसीत आहे का, ते वेगळं कलम असतं. ऑस्ट्रियातही हौसेने डोंगरात गेलेल्याला हेलिकॉप्टरचं बिल हातात पडू शकतं, काही हजार युरोंचं.

तळ्यातमळ्यात
७३ वर्षांचे काका पॅराग्लायडिंग करणार आहेत का? उगाच धागा हेलिकॉप्टरपर्यंत नेला.

म्युनिककर_मामा
७३ वर्षांचे काका बर्फात घसरणार आहेत. तेवढं पुरतं.

सांगलीची_मिसळ
धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिते, नाहीतर मी वाचकच.

माझे सासरे फ्रान्समध्ये नणंदेकडे गेले होते. तिथे न्यूमोनिया होऊन भरती झाले. कंपनीच्या मदत-केंद्राला दुसऱ्याच दिवशी फोन केला होता, क्लेम नंबर मिळाला होता, तरी पुढे कुणी हमीपत्र पाठवेना. नणंदेने पैसे भरले. भारतात परतल्यावर क्लेम नाकारला. कारण काय, तर सासऱ्यांना बीपी आहे आणि हा आजार "आधीपासूनच्या आजाराशी संबंधित" आहे. न्यूमोनियाचा आणि बीपीचा संबंध काय, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं.

आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. तिथून तेच उत्तर फिरून आलं. मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. वकील लागत नाही, फी नाही. अट एवढीच की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, तिने नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की तिथे जाता येतं, आणि नाकारल्यापासून वर्षाच्या आत. फ्रेंच डिस्चार्जचा कागद आम्ही भाषांतर करून जोडला. सुनावणीत कंपनीच्या माणसाला विचारलं, संबंध दाखवा. त्याला दाखवता आला नाही. पैसे मिळाले. पूर्ण नाही, वजावट आणि काही पावत्या नसलेले खर्च गेले, पण मोठा भाग आला.

तेव्हा पावत्या. बसच्या तिकिटाएवढीही फेकू नका.

कागदी_वाघ
@सांगलीची_मिसळ, उत्तम केलंत. नाकारलं की गप्प बसणारेच जास्त असतात, आणि कंपनीला ते ठाऊक असतं. हे मी आतून बघितलंय. ५० लाखांपर्यंतचे दावे लोकपालाकडे नेता येतात आणि त्याचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक मंचाचा रस्ता मोकळा राहतो.

तळ्यातमळ्यात
म्हणजे बघा, विमा घेऊनही भांडावंच लागलं. माझं म्हणणं तेच होतं.

सांगलीची_मिसळ
भांडायला कागद तरी होता दादा. विमाच नसता तर कुणाशी भांडले असते, न्यूमोनियाशी?

पावसाळी_ढग
+१. (पॅरासिटामॉल घेऊन लिहितोय.)

डिंकाचा_लाडू
माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर सगळ्या वर्षांचा विमा आधीच घ्यावा लागतो का? आणि व्हिसा नाकारला तर हप्ता बुडाला का?

चौकट_राजा
अर्जाच्या वेळी पहिल्या प्रवासापुरता दाखवायचा. पुढच्या प्रत्येक वेळी विमा घेईन असं फॉर्ममध्ये सही करून लिहून देता. सीमेवर विचारू शकतात, म्हणून दुसऱ्या खेपेला "आता कोण बघतंय" करू नये. व्हिसा नाकारला तर बहुतेक भारतीय कंपन्या नकाराचं पत्र बघून थोडे पैसे कापून हप्ता परत करतात. व्हिसाची फी मात्र परत मिळत नाही, ती २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो झालीय.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

दोन्ही पॉलिसींचे पूर्ण कागद मागवले. एजंट आधी म्हणाला "एवढं कोण वाचतंय ताई", मग दोन दिवसांनी पाठवले. कागदी_वाघ म्हणतात तसंच निघालं. स्वस्तातल्या पॉलिसीत आधीचे आजार कुठल्याच परिस्थितीत नाहीत, आणि ७० च्या पुढच्या माणसाला उपमर्यादांचा तक्ता लागू. महागडीत जीवावर बेतलं तर आधीचा आजारही धरतात, मर्यादा आहे पण बरी आहे, तक्ता नाही.

जर्मन कंपनीलाही लिहिलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: निघण्यापूर्वीच ज्या उपचारांची गरज माहीत आहे ते नाहीत, पण जुन्या आजारात अचानक, अनपेक्षित बिघाड झाला तर तातडीचे उपचार देतो. त्या वयाला रोजचा दर वाढतो, तरी तीन महिन्यांचा हिशेब महागड्या भारतीय पॉलिसीच्या आसपासच येतो. फायदा असा की डॉक्टरला जर्मन कार्ड दाखवता येतं आणि भांडण जर्मनमध्ये मला करता येतं. तोटा असा की काही बिनसलं तर आपला लोकपाल तिथे नाही.

अजून ठरत नाहीये. बाबांना सांगितलं की स्टेंट लिहायचा आहे. ते म्हणाले, "माझा स्टेंट, मी सांगेन कुणाला सांगायचं ते." आईने फॉर्म हातातून घेतला आणि लिहून टाकला.

म्युनिककर_मामा
आईंना माझा नमस्कार.

तुमच्या केसमध्ये मी जर्मन घेतला असता, कारण भरती व्हायची वेळ आली तर हमीपत्र लवकर येणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथल्या हॉस्पिटलच्या ऑफिसला इथली कंपनी ओळखीची असते. मात्र "अनपेक्षित बिघाड" याचा अर्थ ते काय लावतात हे ईमेलवर लेखी घे. फोनवरचं बोलणं धरू नकोस.

कागदी_वाघ
मी भारतीय, महागडी घेतली असती. बाबा आजारी पडून घरी पोचल्यावर पुढचा पाठपुरावा कोल्हापुरातून कुणी तरी करू शकेल, आणि पुण्यात लोकपाल आहे. शिवाय विमानातली बॅग हरवणं वगैरे त्यात येतं. पण मामांचा हमीपत्राचा मुद्दा खोडता येत नाही. भारतीय घेणार असाल तर मदत-केंद्राचा जर्मनीतून लागणारा नंबर आहे का ते विचारा आणि येण्याआधी एकदा लावून बघा. कुणी उचलतं का ते कळेल.

खारीबिस्कीट
ही चाचणी आवडली. लावते.

खारीबिस्कीट
लावला. एकोणीस मिनिटं बासरी ऐकली, मग कट झाला.

पावसाळी_ढग
बासरी कुठल्या रागात होती?

म्युनिककर_मामा
निकाल लागला म्हणायचा. :) आणखी एक, फ्रिजवर हे लिहून चिकटव: जीवघेणं असेल तर ११२. तेवढं गंभीर नाही पण दवाखाने बंद आहेत तर ११६११७. रविवारी औषध लागलं तर पाळीतलं दुकान शोधायचं, लाल इंग्रजी "A" ची पाटी असते, रात्री अडीच युरो जास्त घेतात. आईबाबांना फोनवर जर्मन येणार नाही, पण पत्ता वाचून दाखवता आला तरी पुरे. तुम्ही दोघं ऑफिसात असताना ते घरी एकटे असणार आहेत.

डिंकाचा_लाडू
जाता जाता: आमचे आईबाबा क्रोएशियालाही जाणार आहेत. शेंगेनची पॉलिसी तिथे चालते का?

चौकट_राजा
चालते. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. बल्गेरिया-रोमेनियाही पूर्ण आत आलेत २०२५ पासून. आयर्लंड आणि सायप्रस मात्र नाहीत, तिकडे जाणार असाल तर पॉलिसीत वेगळं बघा.

खारीबिस्कीट
जर्मन घेतला. ईमेलवर उत्तर आलंय, लेखी, चार ओळींचं. बाबा आता विचारतायत की युंगफ्राऊला जायचं की नाही, डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ घेतली आहे.